दहा वाजले तरी गिरिजा बोलत राहिली

गिरिजा गेल्याचा फोन आला तेव्हा आमच्या रेडिओवर उन्हाळी धानाच्या खोडकिडीबद्दल कृषी सहायक बोलत होते. बोलणं आधीच रेकॉर्ड केलेलं होतं, म्हणून मला फोन उचलता आला. पलीकडे तिची लेक सरिता होती, गोंदियाच्या दवाखान्यातून. "मावशी, आई गेली," एवढंच म्हणाली. एका कानाला हेडफोन तसाच होता. त्यात फवारणी सकाळच्या वेळी करावी, वारा सुटला असताना करू नये, असं चाललेलं. मी विचारलं, तुझ्याजवळ कोण आहे. म्हणाली, मामा आहे. म्हटलं, ठेव मग, मी दहानंतर निघते. जन्माची मैत्रीण गेली आणि ही बाई म्हणते दहानंतर निघते, असं वाचणाऱ्याला वाटेल. रेडिओ चालवणाऱ्या संस्थेच्या अध्यक्षांनाही वाटलं. बातमी त्यांच्या कानावर गेली तसे ते जिना चढून आले आणि म्हणाले, "नंदाबाई, बंद करून टाका आज. आपल्याच घरचं माणूस गेलं." मी म्हटलं, "भाऊ, मोह पडून राहिला आहे. बाया जंगलात आहेत. दहाच्या आधी मी बंद करत नाही." त्यांनी दारातच डोळे पुसले आणि ते खाली उतरून गेले.

हे नीट समजायचं तर आमचं केंद्र कसं चालतं ते सांगायला हवं. सडक अर्जुनीहून आत वळलं आणि महामार्गावरच्या ट्रकांचा आवाज मागे पडला, की आमचं गाव. तिथं सोसायटीच्या जुन्या धान गोदामाच्या माडीवर आमचं सामुदायिक रेडिओ केंद्र आहे. आवाज घुमू नये म्हणून भिंतींवर जुन्या वाकळा ठोकलेल्या, मध्ये एक काच, एक टेबल, दोन माईक, एक कॉम्प्युटर आणि छतावर अँटेना. आजूबाजूची गावं आणि त्यांच्यामागचं जंगल, एवढीच आमची पोच. सकाळी सहाला सुरू करायचं, दहाला बंद करायचं, पुन्हा संध्याकाळी. मोहाच्या दिवसांत आमच्याकडच्या बाया पहाटेच टोपल्या घेऊन जंगलात जातात आणि झाडाखाली पडलेली फुलं वेचतात. सोबत एक भोंगा असतो. भोंगा म्हणजे तो बाजारात मिळणारा चार्जिंगचा छोटा स्पीकर, त्यात रेडिओही लागतो. तो फांदीला टांगायचा आणि आवाज मोठा करून ठेवायचा. सोबत होते, जनावर जरा लांब राहतं, आणि तिसरं म्हणजे वेळ कळते. मोबाईलला तिथं टॉवर पकडत नाही. दहाला आमची बंद व्हायची धून वाजली, की टोपल्या डोक्यावर घ्यायच्या आणि घराकडे निघायचं. हा नियम कोणी केला नाही, तो आपोआप पडला. पण इतका पक्का, की डोक्यावर ऊन आलं तरी बाया म्हणतात, थांब, अजून धून कुठं वाजली.

गिरिजा आणि मी एका वर्गात होतो. मैत्रिणी होतो असं लोक म्हणतात, पण खरं सांगायचं तर आम्ही पहिलीपासून भांडतच होतो, आणि भांडायला दुसरं कोणी तितकं बरं सापडलं नाही म्हणून सोबत राहिलो. ती कोहळ्यांच्या, म्हणजे पिढीजात तलाव बांधणाऱ्यांच्या घरातली. तिच्या पूर्वजांनी खोदलेल्या तलावावर आजही अर्धं गाव धान पिकवतं, आणि तो तोरा तिच्या नाकावर कायम असायचा. लग्न होऊन चार पावलांवरच्या गावात गेली, नवरा लवकर गेला, सरिताला घेऊन माहेरच्या गावी परत आली. रडत बसणाऱ्यांतली ती नव्हती. रेडिओ सुरू व्हायचा होता तेव्हा नागपूरहून दोन साहेब बोलणारी माणसं निवडायला आले होते. त्यांनी तिला विचारलं, तुमचा आवाज कसा आहे असं तुम्हाला वाटतं? ती म्हणाली, "या बांधावरून त्या बांधावर जाते. आणखी कुठवर पाहिजे?" साहेब हसले आणि घेतली तिला. मी कॉम्प्युटरचा कोर्स केला होता म्हणून मला मशीन दिली. तेव्हापासून ती बोलायची आणि मी बटणं दाबायची, आणि बटण दाबायला एवढासा उशीर झाला, की काचेपलीकडून असे डोळे वटारायची की काय सांगू.

काम तिनं वाघासारखं केलं असं लिहिणार होते, पण या लेखात तो शब्द जरा जपूनच वापरते. सकाळी भजनं, मग बाजारभाव, मग शेतीची माहिती, मग 'चुलीपाशी' म्हणून स्वयंपाकाचा कार्यक्रम, शाळेच्या मुलांचा अर्धा तास, पोवारी बोलीतल्या गप्पा आणि शेवटी फर्माईशीची गाणी. यातलं निम्मं ती एकटी ओढायची. पोवारी तिची भाषा नव्हे, तरी शेजारणींकडून शिकून अशी बोलायची, की पोवारणीच फोन करून विचारत, ही कोणाची लेक. एकच गोष्ट तिला खपायची नाही, ती म्हणजे मध्येच पडलेली शांतता. गाणं संपलं आणि दुसरं लागायला क्षणभर गेला, तर ती टेबलावर बोटं वाजवायला लागायची. आणखी एक काम तिला आवडायचं नाही, निरोपांचं. कोणाच्या घरी मरण झालं, कोणी अत्यवस्थ झालं आणि घरचं माणूस शेतात नाहीतर जंगलात असलं, की लोक आम्हाला फोन करत. मग गिरिजा चालू गाणं थांबवून नाव पुकारायची आणि म्हणायची, ऐकत असाल तर घरी या. त्यामुळे आमच्या भागात अवेळी रेडिओवर आपलं नाव आलं, की माणसाच्या तोंडचं पाणी पळतं. नाव ऐकलं की लोक हातातलं काम टाकून जवळच्या वाटेनं पळत सुटतात.

दहाची धून दहाला वाजली नाही, त्या दिवसाला आता तीन मोह, म्हणजे तीन वर्षं झाली. सरिताची बी.ए.ची परीक्षा नुकतीच संपली होती आणि घरी बसून ती कंटाळली होती. शेजारच्या कमलकाकू आणि त्यांची सून रोज मोहाला जात, त्यांच्यासोबत जाते म्हणून ती हट्टाला पेटली. आदल्या संध्याकाळी माझ्यासमोरच दोघींची जुंपली. गिरिजा म्हणाली, "तुले कधीची मोहाची आदत आहे व? कॉलेजात शिकून फुलं वेचाले जाऊन राहिली." सरिता म्हणाली, "तुझाच भोंगा सोबत राहील ना आई. तू बोलत राहजो, मी वेचत राहीन." पहाटे पोरगी गेली आणि ही केंद्रावर आली ती फुरंगटूनच. भजनांच्या वेळी माझ्याशी एक शब्द बोलली नाही.

साडेनऊच्या सुमारास मडावी गार्ड जिना चढून आले. आमच्या बीटचे वनरक्षक, वयानं आमच्याएवढेच, पोट जरा सुटलेलं. एरवी जिना चढले की पहिल्यांदा पाणी मागायचे. त्या दिवशी दारातच कठडा धरून उभे राहिले. गिरिजानं गाणं लावलं आणि माईक बंद केला.

"बाई, आज रेडिओ बंद करू नका," ते म्हणाले.

"काऊन?"

"नाल्यात वाघीण बसली आहे. पुलियाच्या खाली, सावलीत. पिल्लं आहेत संग. मी डोळ्यानं पाहून आलो. मोहाच्या बाया त्याच वाटेनं परत येतात, आणि तुमची धून वाजली का निघतात. वन खात्याची गाडी निघाली आहे, पण ते मागच्या अंगानं फिरून जातील. तास दीड तास तर लागलच. तवर बायांनी झाडाखालून हलू नये, बस."

"कोण कोण आहे तिकडं आज?" मी विचारलं. बाकी बाया दुसऱ्या बाजूच्या रानात जातात, नाल्यापलीकडे दोन-तीन घरांचीच झाडं आहेत, हे मला ठाऊक होतं. तरी विचारलं. मडावींनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग खाली पाहिलं. "कमलबाई आणि सून," ते म्हणाले, "आणि बाईंची सरिता. सकाळी मीच पाहिलं जाताना."

गाणं चालू होतं. माझ्या तोंडून निघून गेलं, "अवो, मग सरळ सांगून टाकू ना माईकवर. तिघींची नावं घेऊ, तिथंच थांबा म्हणू." तिनं माझ्याकडे पाहिलं आणि अगदी हळू आवाजात विचारलं, "माझ्या पोरीचं नाव रेडिओवर आलं, तर ती काय समजेल, नंदे?" आणि उत्तरही तिनंच दिलं. "समजेल का माय मेली," ती म्हणाली. "पुढचं ऐकाले थांबल का ती? पळत सुटेल. नाल्यातूनच." मडावींनी तर हातच जोडले. वाघीण हा शब्द रेडिओवर काढू नका म्हणाले. मागच्या उन्हाळ्यात शेजारच्या गावात हेच झालं होतं. वाघ दिसल्याची आवई उठली, कुऱ्हाडी-काठ्या घेऊन शे-दीडशे माणूस धावलं, जनावर कोंडलं गेलं आणि त्यानं दोघांना फाडलं. पिल्लांची माय कोंडली तर काय करेल, ते सांगायची गरज नव्हती. कमलकाकूंचे मालक त्या वेळी पानठेल्यावर बसून आमचाच रेडिओ ऐकत असणार, हेही आम्हाला ठाऊक होतं.

"दहाची धून मशीन आपोआप वाजवते ना? ते काढ आधी," गिरिजा म्हणाली आणि हेडफोन लावला. मी कॉम्प्युटरमधून धून काढली. साधं काम, रोजचं. तरी दोनदा तपासून पाहिलं. मग तिसऱ्यांदा पाहिलं. तोवर फर्माईशीची गाणी संपत आली होती आणि भिंतीवरचं घड्याळ दहाकडे सरकत होतं. गिरिजानं स्टुलावर चढून ते घड्याळ उतरवलं आणि उलटं करून टेबलावर ठेवलं. "चुकून तोंडातून वेळ निघाली तर सगळं मुसळ केरात," ती म्हणाली. आज जास्त वेळ कार्यक्रम आहे, असंही म्हणायचं नव्हतं. तसं म्हटलं की दहा होऊन गेले हे बायांना कळणार. दहा वाजलेच नाहीत असं चालवायचं होतं, आणि तेही किती वेळ, ते माहीत नव्हतं.

दहा वाजले, आणि गिरिजा बोलायला लागली. आवाजात काडीचा फरक नाही. लाखोळीच्या डाळीचे वडे सांगितले, डाळ किती भिजवायची, किती भरड वाटायची, तेल कसं तापवायचं. मीठ सांगायचं विसरली, आणि त्यावरून पुढं आठवडाभर आम्हाला फोन येत होते. मग शाळेच्या मुलांची जुनी रेकॉर्डिंग लावली. मग दंडारीतली, म्हणजे आमच्याकडच्या लोकनाट्यातली एक बतावणी तिनं एकटीनं केली, राजा तीच, प्रधान तीच, लुगडं नेसलेला पुरुषही तीच. मी काचेच्या या बाजूला बसून पाहत होते. तोंड हसत होतं तिचं, आणि डावा हात टेबलाच्या कडेला असा आवळलेला की बोटं पांढरी पडली होती. केंद्राचा फोन सारखा वाजत होता. एक म्हणे बाई घड्याळ बंद पडलं काय, दुसरी म्हणे शाळेच्या खिचडीवाल्या बायकांनी अजून चूल पेटवली नाही, धूनच वाजली नाही म्हणून. मडावी फोन उचलून प्रत्येकाला सांगत होते, मशीनमधे खराबी आहे, दुरुस्ती चालू आहे. खोटं बोलायची त्यांना सवय नव्हती, दर वेळी कान लाल व्हायचे.

रेकॉर्ड केलेलं संपलं, तेव्हा तिनं खूण केली की फोन जोड, लोकांना बोलू दे, तेवढाच वेळ निघेल. मी एक फोन थेट रेडिओवर सोडला. पलीकडे ओळखीचाच माणूस, कामठ्याचा जावई, इकडे सासरवाडीला आलेला. गिरिजानं विचारलं, कोणतं गाणं ऐकवू भाऊ? तो म्हणाला, "गाणं राहू द्या मॅडम, पहले ये बताओ, दस तो कब के..." पुढचा शब्द निघायच्या आत मी त्याचा आवाज पाडला. गिरिजा हसली, खरंखुरं हसल्यासारखी, आणि म्हणाली, "लाईन कटली वाटते जावईबापूंची. चला, त्यांच्याच साठी एक गाणं लावू." गाणं लागलं तसा माईक बंद करून ती माझ्याकडे वळली. मला वाटलं आता शिव्या खायच्या. ती म्हणाली, "त्यानं 'दस' म्हटलं ना? ऐकलं असेल का तिनं?" मी म्हटलं, नाही, वाक्य अर्धंच गेलं. म्हटलं खरं, पण मलाही ठाऊक नव्हतं.

आणि मग तिनं विचारलं, "नंदे, तो भोंगा चार्जिंगले लावला होता का रात्री?" मी म्हटलं, लावला असेलच ना सरितानं. "तिनं लावला होता," गिरिजा म्हणाली, "पण माझा मोबाईल उतरला होता. मी भोंग्याची पिन काढली का काय... आठवूनच नाही राहिलं." तासाभरापासून ती जीव तोडून बोलत होती, आणि तिकडे फांदीवरचा भोंगा कधीचा मुका होऊन पडला असेल तर? तर त्या तिघी धून वाजली की नाही याची वाट पाहत थांबल्या नसत्या. ऊन पाहून निघाल्या असत्या. आमच्याकडून आवाज जातो, पण येत काहीच नाही. ऐकणारं कोणी आहे की नाही, हे रेडिओवर बोलणाऱ्याला कधीच कळत नाही. ती गोष्ट आम्हाला वर्षानुवर्षं माहीत होती, पण त्या दिवशी तिचा अर्थ पहिल्यांदा अंगाला लागला. गिरिजा रडली नाही. गाणं संपायला आलं होतं. तिनं पदरानं मानेवरचा घाम पुसला आणि पुन्हा माईक चालू केला.

त्यातच लाईट गेली. आमच्याकडे उन्हाळ्यात ती जातेच. इन्व्हर्टरवर मशीन चालू राहिली, पण पंखा थांबला आणि त्या वाकळा ठोकलेल्या खोलीत भट्टी पेटली. बॅटरी जुनी होती, थोड्या वेळानं तिनं टीं-टीं करायला सुरुवात केली. मडावींनी माझ्या कॉम्प्युटरचा पडदा बंद केला, खालचे दिवे बंद केले, स्वतःच्या मोबाईलची बॅटरी दाखवून म्हणाले, ही काही कामाची आहे का. मी नाही म्हटलं. गिरिजा थकली होती, आवाज घोगरा झाला होता, म्हणून तिनं मला खूण केली. तू बोल. मी आयुष्यात माईकवर कधी बोलले नव्हते. हातात आलं ते वाचायला घेतलं, आणि ते होतं खोडकिडीवरचंच एक पत्रक. मी ते दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना फवारणीच्या औषधाचं नाव चुकलं, तेव्हा गिरिजानं तेवढ्या तणावातही कपाळाला हात लावला. मग पाणी पिऊन तिनं पुन्हा सूत्रं हाती घेतली आणि काय बोलू लागली, तर तलावाबद्दल. तिच्या पणजोबांनी तलावाची पाळ कशी बांधली, माती कुठून आणली, पाळीवर कोणती झाडं लावली. हे मी तिच्या तोंडून इतक्या वेळा ऐकलं होतं की मला पाठ होतं. त्या दिवशी मी एकेक शब्द ऐकत होते, आणि मनात म्हणत होते, बोल बाई, आणखी बोल, आणखी एक तलाव बांध.

मडावींचा फोन वाजला तेव्हा ती पाळीवरच्या झाडांपाशी पोहोचली होती. त्यांनी फोन कानाला लावला, ऐकलं, आणि भिंतीला टेकून खालीच बसले. मग वर पाहून म्हणाले, "बसल्या. तिघी गाडीत बसल्या, गाडी सडकेला लागली." गिरिजाला ते काचेतूनच कळलं. वाक्य अर्धं सोडलं नाही तिनं, झाडांचं पूर्ण केलं. मग मला मान हलवून खूण केली आणि मी धून लावली. धून संपेपर्यंत ती सरळ बसली होती. मशीन बंद केली तशी टेबलावर डोकं टेकवून ती अशी रडली, की मडावी उठून बाहेर गॅलरीत जाऊन उभे राहिले. मी तिच्या पाठीवरून हात फिरवत होते, आणि माझेही डोळे वाहत होते.

वन खात्याची गाडी सरळ गोदामापाशीच आली. सरिता टोपली घेऊन जिना चढली. रस्त्यात तिला सगळं कळलं होतं, पण पोरगी मायसारखीच. दारात उभी राहून म्हणाली, "काय व आई, तहानेनं जीव जाऊन राहिला होता, आणि तुझे तलावच संपत नोते." गिरिजानं तिच्या हातात पाण्याचा लोटा दिला आणि म्हणाली, "डोक्याले फडकं काऊन नाई बांधलं?" दोघी तिथंच उभ्या राहिल्या, लोटा दोघींच्या हातात. भोंग्याची पिन गिरिजानं काढली नव्हती, हे संध्याकाळी कळलं.

इथंच संपलं असतं तर मीही हे सुखाची आठवण म्हणून सांगितलं असतं. पण आमचा रेडिओ तिघींसाठी वाजत नाही, सगळ्यांसाठी वाजतो. जंगलाच्या दुसऱ्या बाजूला वाघीण नव्हती, पण बाया तर होत्या. त्याही धून वाजायची वाट पाहत उन्हात वेचत राहिल्या. त्यांच्यातल्या भागरताबाई, वय झालेल्या, चक्कर येऊन पडल्या. बैलगाडीत घालून घरी आणावं लागलं, दोन दिवस सलाईन लावलं. बऱ्या झाल्यावर त्या काठी टेकत केंद्रावर आल्या. मी घाबरले, कारण त्यांचं तोंड सगळ्या पंचक्रोशीत नावाजलेलं. त्या गिरिजासमोर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "तुझ्या पोरीसाठी तू आमाले उन्हात वाळत घातलं." मला वाटलं गिरिजा सांगेल, तिथं तिघी होत्या, गार्डनं सांगितलं होतं, गर्दी झाली असती. हे सगळं खरंच होतं. गिरिजा म्हणाली, "हो बाई. माझ्या पोरीसाठीच." भागरताबाईंनी काठी भिंतीला टेकवली. मग स्टूल ओढून बसल्या आणि म्हणाल्या, "चहा पाज." चहा झाला. जाताना म्हणाल्या, "पोरीसाठी केलं ते ठीक केलं. पण आमीबी कोणाच्या माया आहोत." गिरिजानं त्यांचे पाय धरले. त्या रात्री तिला झोप आली नाही, असं तिनं दुसऱ्या दिवशी मला सांगितलं.

त्यानंतर गिरिजा बदलली. बाहेरच्यांना दिसलं नसेल. कार्यक्रम तेच, डोळे वटारणंही तेच. पण मोह सुरू झाला, की धून लावायच्या आधी ती मडावींना फोन करायची, वाट मोकळी आहे का म्हणून. आणि धून वाजल्यावर घरी जायची नाही. पूर्वी मशीन बंद झाली की मी आणि ती भांडत भांडत जिना उतरायचो. आता ती खुर्चीवर बसून राहायची, मडावी वन खात्याच्या नाक्यावर उभे राहून गावोगावच्या बाया मोजायचे आणि फोन करायचे. ती एकच प्रश्न विचारायची, "सगळ्या आल्या का?" त्यात ती 'सगळ्या' या शब्दावर जोर द्यायची. हो म्हटलं की चप्पल घालायची. मी कधीकधी चिडायचे, घरी स्वयंपाक पडला आहे, तू बस, मी जाते म्हणायचे. ती म्हणायची, जा ना, तुले कोण अडवून राहिलं? आणि मी जायचे नाही.

गेल्या दिवाळीनंतर तिची किडनी बिघडली. गोंदियाच्या वाऱ्या सुरू झाल्या, मशीनवर रक्त धुवायचं, परत यायचं, दुसऱ्या दिवशी माईकवर बसायचं. मोह पडायला लागला तेव्हा ती दवाखान्यातच होती. मी शेवटची भेटले तेव्हा बोलणं तुटक झालं होतं, माणसं मधूनच ओळखू येत नव्हती. सरितानं तिला उशीला टेकवून बसवलं होतं. सकाळ उलटून गेली होती. तिनं डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं, मी कोण हे कळलं की नाही ठाऊक नाही, पण विचारलं, "सगळ्या आल्या का?" मी तिथूनच मडावींना फोन लावला आणि आवाज मोठा केला. ते म्हणाले, "आल्या, बाई. सगळ्या आल्या. तुमी आराम करा." तिनं मान हलवली. सरिता खिडकीकडे तोंड करून उभी होती.

ती गेली त्या दिवशी मी दहाला मडावींना विचारून धून लावली. फोनवर ती गेल्याचं सांगायचं मला जमलं नाही, वाट मोकळी आहे एवढंच ऐकलं आणि ठेवला. मशीन बंद केली. आता निघायचं होतं, गोंदियाला, सरिता वाट पाहत होती. बाहेर मोटारसायकल चालू करून माझा भाऊ उभा होता. पण मी खुर्चीत बसूनच राहिले. बऱ्याच वेळानं फोन वाजला. मडावी नाक्यावरून बोलत होते, त्यांना अजून काहीच माहीत नव्हतं. "नंदाबाई, सगळ्या आल्या," ते म्हणाले. "दवाखान्यात जाल तर बाईले सांगजा. वाट पाहत असतील." मी म्हटलं, "सांगते." फोन ठेवला, तिच्या खुर्चीकडे तोंड केलं आणि म्हटलं, "आल्या व, गिरजे. सगळ्या आल्या." सकाळपासून अडलेलं रडू तेव्हा आलं. खाली भावानं हॉर्न वाजवला, तरी मी जरा वेळ बसलेच.